पोरगा खेळतो झकास, पण…

२३ मे २०११ ची संध्याकाळ. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर एफए यूथ कपच्या अंतिम फेरीचा दुसरा सामना रंगला होता. इंग्लंडमध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी याहून मानाची स्पर्धा नाही. शेफील्डला झालेला पहिला सामना २–२ असा बरोबरीत सुटला होता. इथे मात्र युनायटेडच्या पोरांनी शेफील्ड युनायटेडचा ४–१ असा धुव्वा उडवला. दोन गोल विल कीनचे, दोन रॅव्हेल मॉरिसनचे.

मैदानावरच्या चार मुलांवर जरा नजर ठेवायला हवी. चौघंही अठरा वर्षांचे. पहिला पॉल पोग्बा, फ्रान्समधल्या ल आव्र क्लबातून आणलेला, लांब ढांगांचा. दुसरा जेसी लिंगार्ड, अंगाने इतका किरकोळ की हा मोठ्यांच्या धसमुसळ्या खेळात टिकणार कसा, असा प्रश्न पडावा. तिसरा हरणाऱ्या संघातला आडदांड बचावपटू, हॅरी मॅग्वायर. आणि चौथा मॉरिसन, मँचेस्टरच्याच विदनशॉ वस्तीतला. चेंडू त्याच्या पायाला चिकटलेलाच असायचा. गर्दीतून वाट काढताना तो घाई करायचा नाही, समोरच्यालाच घाई करायला लावायचा. या पिढीतला सगळ्यात गुणी पोरगा कोण, असं तेव्हा क्लबात विचारलं असतं तर अनेकांनी त्याचंच नाव घेतलं असतं.

सात वर्षांनी, २०१८ च्या उन्हाळ्यात, रशियात विश्वचषक भरला. पोग्बाने अंतिम सामन्यात गोल केला आणि फ्रान्स जगज्जेता झाला. लिंगार्ड आणि मॅग्वायर इंग्लंडकडून उपांत्य सामना खेळले. मॉरिसन तो मोसम मेक्सिकोतल्या अ‍ॅटलस क्लबकडून उसनवारीवर खेळला होता. युनायटेडच्या मोठ्या संघाकडून त्याच्या वाट्याला लीग कपमधले मोजके सामने आले. जानेवारी २०१२ मध्ये क्लबने त्याला वेस्ट हॅमला विकून टाकलं. पुढे बर्मिंगहॅम, कार्डिफ, लॅझिओ, स्वीडन, नेदरलँड्स, अमेरिका अशी त्याची भटकंती चालू राहिली. मधेच एखादी वीज चमकून जायची. ऑक्टोबर २०१३ मध्ये टॉटनहॅमविरुद्ध अर्ध्या मैदानातून धावत जाऊन त्याने केलेला गोल अजूनही लोक काढून काढून पाहतात.

सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन या युनायटेडच्या माजी व्यवस्थापकांनी २०१५ मध्ये आलेल्या ‘लीडिंग’ या पुस्तकात मॉरिसनचा उल्लेख हळहळतच केला आहे. आपण घेतलेल्या कुठल्याही मुलाइतकी उपजत प्रतिभा या पोराकडे होती, पण तो सतत भानगडीत सापडायचा, असा त्यांचा सूर आहे. त्याला विकणं जिवावर आलं, तरी दुसरा मार्ग दिसत नव्हता.

‘पोरगा खेळतो झकास, पण…’ हे अर्धं वाक्य जगातल्या प्रत्येक मैदानावर ऐकू येतं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमपासून अ‍ॅमस्टरडॅमपर्यंत. उरलेलं अर्धं वाक्य उच्चारायची गरजच पडत नाही. सराव चुकवतो, उलट बोलतो, डोक्यात हवा गेली आहे, असं ऐकणारा मनातच भरून घेतो. निष्कर्षही तयार असतो: प्रतिभा पुरत नाही, वृत्ती लागते. मॉरिसनची गोष्ट त्याचा हुकमी दाखला म्हणून सांगितली जाते. दाखला खोटा नाही, पण त्या वृत्तीत अकादमीचा, घराचा आणि मोठ्या माणसांच्या नजरेचा वाटा किती, हे कुणी मोजत नाही.

खिडकीवरची थाप

वृत्तीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम पुरावाही याच क्लबातून येतो. १९९२ मध्ये युनायटेडच्या मुलांनी यूथ कप जिंकला, तेव्हा क्रिस्टल पॅलेसविरुद्धच्या दोन सामन्यांची बेरीज ६–३ झाली होती. योगायोग असा की २०११ ची बेरीजही ६–३ च. त्या जुन्या तुकडीत रायन गिग्ज, डेव्हिड बेकहॅम, निकी बट आणि गॅरी नेव्हिल होते. पॉल स्कोल्स अंतिम सामन्यात नव्हता. पुढच्या वर्षी तो अंतिम फेरीत खेळला आणि ती फेरी युनायटेड लीड्सकडून हरलं.

या मुलांना घडवलं युवा संघाचे प्रशिक्षक एरिक हॅरिसन यांनी. सॅलफर्डमधलं ‘द क्लिफ’ हे सरावाचं जुनं ठिकाण. तिथे मैदानाकडे उघडणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीत हॅरिसन उभे राहायचे. खाली कुणी आळशी पास दिला की काचेवर दणकन थाप पडायची. मुलं वर बघायचीच नाहीत. थाप कुणासाठी होती हे ज्याचं त्याला कळायचं. बेकहॅम पन्नास-साठ यार्डांचे लांबलचक पास मारायचा, त्यांना हॅरिसन यांनी ‘हॉलीवूड पास’ असं खवचट नाव दिलं होतं. सराव झाल्यावर याच पोरांनी मोठ्या खेळाडूंचे बूट घासून-पुसून ठेवायचे, खोल्या झाडायच्या, असा शिरस्ता होता.

नेव्हिलचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. आपण बरोबरीच्या मुलांइतके गुणी नाही हे त्याला लवकर उमगलं होतं. त्याने आत्मचरित्रात लिहिलं आहे की सोळाव्या वर्षी शाळासोबत्यांशी असलेले संबंध त्याने जवळपास तोडून टाकले. चार वर्षं फक्त फुटबॉल. अशा पोराच्या खात्यावर शेवटी युनायटेडचे ६०२ आणि इंग्लंडचे ८५ सामने जमा झाले. बेकहॅम सराव संपल्यावर एकटाच थांबून फ्री किक मारत राहायचा, हे तर आता दंतकथेसारखं झालं आहे.

पण हीच गोष्ट जरा शेजारच्या दारातून पाहू. नेव्हिलचे वडील फुटबॉलवेडे, आई नेटबॉल खेळणारी. बेकहॅमचे वडील स्वयंपाकघरातली कपाटं बसवण्याचं काम करायचे आणि कामावरून आले की पोराला घेऊन बागेत चेंडू मारत बसायचे. घरी जेवण तयार, न्यायला-आणायला माणूस तयार, हरल्यावर जवळ घ्यायला कुणीतरी हजर. मॉरिसनने मोठा झाल्यावर एका मुलाखतीत सांगितलं की, युनायटेडच्या मोठ्या खेळाडूंचे बूट तो चोरायचा आणि विकायचा, घरी खायला आणता यावं म्हणून. १९९२ ची पोरं जे बूट पुसून शिस्त शिकली, तेच बूट या पोराला घरचं रेशन दिसत होते. दोघांच्याही वागण्याला आपण ‘वृत्ती’ म्हणतो.

याने मॉरिसन निर्दोष ठरत नाही. कोर्टकचेऱ्या झाल्या, संधी मिळूनही त्याने त्या घालवल्या, आणि हे तो स्वतःही नाकारत नाही. मात्र अठरा वर्षांच्या मुलाचं वागणं हवेतून येत नाही, एवढं कबूल केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

चेंडू गेल्यानंतरचे काही क्षण

वृत्ती मोजायची कशी, हा अकादम्यांपुढचा जुना पेच आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या आयाक्स क्लबने त्याचं एक सुटसुटीत उत्तर काढलं. त्यांच्या ‘द टूकोम्स्ट’ या अकादमीच्या नावाचा अर्थ ‘भविष्य’. तिथे मुलगा चार निकषांवर तोलला जातो: तंत्र, खेळाची समज, व्यक्तिमत्त्व आणि वेग. चार डच शब्दांच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीला ‘टिप्स’ म्हणतात. गंमत अशी की, वेग आणि व्यक्तिमत्त्व ही मुळात जन्मजात असतात, तंत्र आणि समज मात्र शिकवता येते, असं आयाक्सचं परंपरेने मत. म्हणजे पायातलं कौशल्य घडवता येतं आणि स्वभाव मात्र घेऊनच यावा लागतो! आपल्याकडे नेमकं उलट बोललं जातं: खेळ देवाने दिलेला, वागणं ज्याच्या त्याच्या हातात.

या वादावर थोडा उजेड नेदरलँड्समधूनच पडला. ग्रोनिंगन विद्यापीठाच्या टायन्के टूरिंग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ११ ते १७ वयोगटातल्या ४४४ फुटबॉलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली १५९ मुलं वरच्या दर्जाची, बाकीची साधारण. नियोजन, स्वतःवर लक्ष ठेवणं, आत्मविश्वास, मेहनत, झालेल्या खेळाचा विचार अशा अनेक गोष्टी प्रश्नावलीतून तपासल्या. वरच्या दर्जाशी ठळकपणे जोडलेल्या दोनच निघाल्या: मेहनत आणि विचार. विचार म्हणजे, आज काय चुकलं आणि उद्या वेगळं काय करायचं, हे स्वतःशी नीट मांडता येणं.

मैदानावर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा कुठलाही सामना घ्या आणि चेंडू कुणाकडे आहे ते सोडून, चेंडू नुकताच कुणाच्या पायातून गेला त्याच्याकडे बघा. एक पोरगा हात वर करून पंचाकडे बघतो. एक सोबत्यावर ओरडतो, पास नीट दिला नाहीस म्हणून. एक कंबरेवर हात ठेवून उभा राहतो. आणि एखादा, चेंडू गेला न गेला तोच, वळून मागे पळत सुटलेला असतो. पुढच्या खेपेला तसाच चेंडू आला की हा चौथा पोरगा आधी खांद्यावरून मागे बघून घेतो. जाणता स्काऊट वहीत नोंद करतो ती याची. गोल तर सगळ्यांनाच दिसतात.

पण अशा वागण्याचं एखाद्या जादूच्या गुणात रूपांतर करण्याचा मोह जबर आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ यांनी २००७ मध्ये ‘ग्रिट’ची, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या चिकाटीची मोजपट्टी मांडली. बघता बघता ती शाळांपासून क्रीडा प्रबोधिन्यांपर्यंत पोचली. दहा वर्षांनी मार्कस क्रेडे आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा दिसलं की हा गुण बराचसा जुन्याच ‘कर्तव्यदक्षता’ या गुणाचा नवा अवतार आहे आणि यशाशी त्याचा संबंध सांगितला जातो तेवढा घट्ट नाही. म्हणून चिकाटी निरुपयोगी ठरत नाही. एखादी प्रश्नावली भरून घेऊन कुठल्या मुलात ती आहे आणि कुठल्यात नाही असा शिक्का मारता येत नाही, एवढाच याचा अर्थ.

सप्टेंबरची मुलं, ऑगस्टची मुलं

वृत्तीचं मोजमाप डळमळीत आहेच. प्रतिभेचंही काही फार वेगळं नाही.

इंग्लंडमध्ये शालेय वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं आणि मुलांचे फुटबॉल गटही त्याच तारखेवर पडतात. सप्टेंबरमध्ये जन्मलेला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये जन्मलेला, दोघे एकाच गटात. नऊ वर्षांच्या मुलांत अकरा महिन्यांचा फरक म्हणजे केवढा! उंची, वजन, धाव, सगळ्यात. परिणामी अकादम्यांमध्ये शरद ऋतूत जन्मलेली मुलं उन्हाळ्यात जन्मलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त, हे संशोधकांना वारंवार आढळलं आहे. जन्मतारखेचा हा लाभ प्रतिभेच्या खात्यात जमा होतो. त्यात पौगंडावस्था लवकर आली तर दुधात साखर. चौदाव्या वर्षी दाढी फुटलेला पोरगा सगळ्यांना आडवा पाडत गोल करतो आणि लोक म्हणतात, काय खेळतो!

उशिरा वाढणाऱ्यांचं काय होतं, याची यादी आता बरीच लांब आहे. जेमी व्हार्डीला शेफील्ड वेन्सडेने सोळाव्या वर्षी लहानखुरा म्हणून काढलं. तो कारखान्यात अपंगांसाठी लागणारे आधारपट्टे बनवत स्थानिक क्लबकडून खेळत राहिला आणि २०१६ मध्ये लेस्टरबरोबर प्रीमियर लीगचा विजेता झाला. आंत्वान ग्रीझमानला फ्रान्समधल्या क्लबांनी उंचीपायी नाकारलं, म्हणून तो चौदाव्या वर्षी स्पेनला गेला. लुका मॉड्रिचला स्प्लिटच्या हायदुक क्लबने काटकुळा ठरवलं. २०१८ चा ‘बॅलन डी’ऑर’ हा सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार त्याने घेतला. एन्गोलो काँतेचीही तीच कथा.

अँडी रॉबर्टसनकडे जरा थांबून बघू. पंधराव्या वर्षी ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने त्याला, अंगाने लहान म्हणून, घरी पाठवलं. तो क्वीन्स पार्क या हौशी क्लबात गेला. तेव्हा स्कॉटलंडच्या चौथ्या श्रेणीतला संघ, खेळाडूंना पगार नव्हता. खर्चासाठी त्याने हॅम्पडेन पार्क स्टेडियमच्या कार्यालयात फोन घेण्याचं काम केलं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये त्याने ट्विटरवर लिहिलं होतं की या वयात खिशात पैसा नसणं फार वाईट. वर्षभरात डंडी युनायटेड, मग हल, २०१७ मध्ये ८० लाख पौंडांना लिव्हरपूल. २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात चॅम्पियन्स लीगचं पदक होतं आणि तोवर तो स्कॉटलंडचा कर्णधारही झाला होता.

अशा गोष्टी वृत्तीच्या विजयाच्या म्हणून सांगितल्या जातात. खरं तर त्या आधी अकादमीच्या चुकीच्या गोष्टी आहेत. सेल्टिकमधल्या त्या दिवशी रॉबर्टसनच्या पायातलं कौशल्य कमी नव्हतं, सेंटिमीटर कमी होते. त्याच्या चिकाटीचं कौतुक जरूर करावं. पण त्याच दिवशी, तशाच कारणासाठी घरी पाठवलेली आणि पुन्हा कधीच न दिसलेली मुलं किती? मायकेल कॅल्विन या क्रीडा पत्रकाराने ‘नो हंगर इन पॅराडाइज’ या २०१७ च्या पुस्तकात हिशेब मांडला होता: इंग्लंडमध्ये संघटित फुटबॉल खेळणारी मुलं सुमारे १५ लाख, त्यातून प्रीमियर लीगपर्यंत पोचणारी १८० च्या आसपास. उरलेल्या सगळ्यांची वृत्ती खराब होती, असं कुणी म्हणेल काय?

काही ठिकाणी शहाणपण आलं आहे. बाथ विद्यापीठाचे शॉन कमिंग यांच्यासारख्या संशोधकांच्या मदतीने प्रीमियर लीगच्या अकादम्यांनी शारीरिक परिपक्वतेनुसार गट पाडून सामने भरवून पाहिले. मुलगा प्रौढपणी किती उंच होईल याचा अंदाज बांधायचा आणि त्यातली किती टक्के उंची आज गाठली आहे ते पाहून गट ठरवायचा. त्यामुळे लवकर वाढलेल्या धिप्पाड मुलाला बरोबरीचे भेटतात. नुसत्या ताकदीवर भागत नाही म्हटल्यावर तो पास द्यायला शिकतो. किरकोळ मुलाला पहिल्यांदाच चेंडू पायात ठेवायची उसंत मिळते. एकाच आठवड्यात एकाच मुलाची ‘प्रतिभा’ बदललेली दिसते.

लिंगार्डच्या बाबतीत युनायटेडने हेच साध्या समजुतीने केलं. फर्ग्युसन यांनी त्याला सांगितलं होतं की तू बावीस-तेवीसाव्या वर्षी या संघात खेळशील, तोवर धीर धर. लेस्टर, बर्मिंगहॅम, ब्रायटन, डर्बी अशा उसनवाऱ्या झाल्या. २०१६ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेत, विजयी गोल त्याने मारला. धीर त्याने धरला हे खरं; पण धीर धर, असं सांगणारा माणूस आणि तो शब्द पाळणारा क्लबही समोर होता.

याच तुकडीतल्या रायन टनिक्लिफची गोष्ट इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी मिटक्या मारत छापली होती. तो नऊ वर्षांचा असताना, हा एक दिवस युनायटेडच्या मोठ्या संघाकडून खेळेल, अशी पैज वडिलांनी १०० पौंड लावून घेतली होती. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये लीग कपच्या सामन्यात तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि वडिलांना १०,००० पौंड मिळाले. पोरावर विश्वास असलेला बाप, घाम गाळणारा पोरगा, सगळं जुळून आलं होतं. युनायटेडमधली त्याची कारकीर्द मात्र अशा दोन-चार हजेऱ्यांपलीकडे गेली नाही. मेहनतीलाही कुठेतरी छत असतं, हे सुविचारांच्या पाट्यांवर लिहिलेलं नसतं.

‘त्याचं लक्ष नाही’

बोयान क्रकिच बार्सिलोनाच्या ‘ला मासिया’ अकादमीचा लाडका. २००७ मध्ये सतराव्या वर्षी मोठ्या संघात आला आणि मेसीचा वारस म्हणून त्याचे फोटो छापून येऊ लागले. फेब्रुवारी २००८ मध्ये स्पेनच्या राष्ट्रीय संघाने फ्रान्सविरुद्धच्या सामन्यासाठी बोलावलं. तो खेळला नाही. पोट बिघडल्याचं जाहीर झालं. त्या उन्हाळ्यात युरो स्पर्धेलाही तो गेला नाही. देशासाठी खेळायची याला हौसच नाही, अशी कुजबुज झाली. दहा वर्षांनी त्याने स्वतः सांगितलं की तो तीव्र चिंतेचा झटका होता, गरगरायचं, थांबायचं नाही, आणि फुटबॉलमध्ये याबद्दल बोलायला कुणी तयार नव्हतं. बाहेरून जी वाईट वृत्ती दिसली, ती आतून दुखणं होती.

याच्या उलट टोकाला पैसा आहे. सतराव्या वर्षी बँकेत एवढी रक्कम येते की घरातल्या सगळ्यांच्या एकत्रित कमाईला ती मागे टाकते. लिव्हरपूलने २०१६ मध्ये यावर एक साधा उपाय केला: व्यावसायिक म्हणून पहिलं वर्ष खेळणाऱ्या मुलाला वर्षाला ४०,००० पौंडांहून जास्त पगार नाही. काही अकादम्यांनी रंगीत बूट बंद करून सगळ्यांना काळे घालायला लावले. हे उपाय हसण्यावारी नेण्यासारखे वाटतील, पण त्यांच्यामागचा विचार पक्का आहे. वृत्तीवर भाषण देण्यापेक्षा वृत्ती बिघडवणारी परिस्थिती बदलणं सोपं जातं.

काढून टाकलेल्या मुलांकडे लक्ष जायला मात्र फार उशीर झाला. आठव्या-नवव्या वर्षापासून ज्याची ओळख क्लबच्या जर्सीशी बांधली गेली, त्याला अठराव्या वर्षी पाच मिनिटांच्या बैठकीत निरोप मिळतो. उद्यापासून तो कोण, हे त्यालाच ठाऊक नसतं. २०२१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसने, सोडून दिलेल्या अठरा ते तेवीस वर्षांच्या मुलांसाठी तीन वर्षांची मदत योजना जाहीर केली: विचारपूस, शिक्षण, नोकरीसाठी मार्गदर्शन. त्याची बातमी झाली. बातमी झाली, यावरूनच आधी काय चालत होतं ते समजावं.

आपल्या मैदानांवर

भारतात अकादमी ही तशी नवी चीज. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ ची; तिच्याआधी मुलं घडत ती गल्लीत, शाळेत आणि क्लबात. कोल्हापुरात आजही तालीम मंडळांचा फुटबॉल जिवंत आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं उच्चारली की पेठापेठांतली ईर्षा जागी होते आणि शाहू स्टेडियमचे कठडे भरतात. त्या ईर्षेने किती पोरांना पाय दिले आणि किती पोरांना पेठेपलीकडचं जग दिसूच दिलं नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून आघाडीला खेळला. वडील रिक्षाचालक. पुढे तो जमशेदपूर, हैदराबाद अशा संघांतून इंडियन सुपर लीगमध्ये खेळत राहिला. मुंबईत जन्मून अमेरिकेतल्या न्यू जर्सीत वाढलेला नमित देशपांडेही त्याच चमूत होता. संघ अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिघांकडूनही हरला. ९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध जीकसन सिंगने हेडरने मारलेला गोल मात्र फिफाच्या विश्वचषकात भारताचा पहिला गोल म्हणून नोंदला गेला.

या चमूची आणखी एक गोष्ट आहे आणि ती वृत्तीच्या चर्चेत यायलाच हवी. स्पर्धेआधी काही महिने या मुलांनी आपल्या परदेशी प्रशिक्षकाविरुद्ध शारीरिक आणि शाब्दिक त्रासाची लेखी तक्रार भारतीय फुटबॉल महासंघाकडे केली. आपल्याकडच्या रूढ कल्पनेनुसार गुरूविरुद्ध तक्रार करणारा पोरगा उद्धट. महासंघाने प्रशिक्षकाशी फारकत घेतली, पोर्तुगालचे लुईश नॉर्टन द मातोस आले आणि याच ‘उद्धट’ मुलांनी कोलंबियाला अखेरपर्यंत झुंजवलं. त्यांच्यातला अन्वर अली २०१९ मध्ये हृदयाच्या आजारामुळे खेळाबाहेर काढला गेला. खेळू द्या म्हणून तो दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि पुढे भारताच्या मुख्य संघाच्या बचावफळीत उभा राहिला. आज्ञाधारकपणा आणि चिवटपणा यांत आपण अनेकदा गल्लत करतो.

सुनील छेत्रीचं नाव इथे टाळता येणार नाही. कुठल्याही निवासी अकादमीत तो घडला नाही. वडील लष्करात, घरात खेळाचं वातावरण, आणि २००२ मध्ये सतराव्या वर्षी थेट मोहन बागान. परदेशात त्याने दोनदा नशीब आजमावलं, २०१० मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत आणि २०१२ मध्ये स्पोर्टिंग लिस्बनच्या दुसऱ्या संघात. दोन्हीकडे जम बसला नाही. परत येऊन त्याने आहार, झोप, सराव यांचं वेळापत्रक वर्षानुवर्षं पाळलं. जून २०२४ मध्ये त्याने राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली तेव्हा खात्यावर ९४ गोल होते. पुढच्या वर्षी, चाळिशीत, संघाला त्याला परत बोलवावं लागलं. त्याच्या वृत्तीचा हा गौरव आहे. आणि इतक्या वर्षांत त्याच्या जागी दुसरा पोरगा उभा करू न शकलेल्या व्यवस्थेचं हे प्रगतिपुस्तकही आहे.

पुण्यात लिव्हरपूलच्या सहकार्याने डीएसके शिवाजियन्सची निवासी अकादमी काही वर्षं चालली. आज भारताच्या आघाडीफळीत दिसणारा लालियानझुआला छांगते तिथलाच. मूळ क्लबच २०१७ मध्ये गुंडाळला गेला आणि अकादमीही गेली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या पायाखालची संस्थाच नाहीशी झाली, तर त्याची वृत्ती कुणी आणि कशी तोलायची? महाराष्ट्रात आज क्रीडा प्रबोधिनी आहे, घणसोलीला रिलायन्स फाउंडेशनची यंग चॅम्प्स अकादमी आहे, आणि शहराशहरांत परदेशी क्लबांची नावं लावून महिन्याची फी घेणारे वर्ग आहेत. यातले बरेच वर्ग मुलाला दाखल करताना प्रतिभेचं कौतुक करतात आणि पुढे काही झालं नाही की वृत्तीचं नाव सांगून मोकळे होतात.

म्हणून पोराला किंवा पोरीला अकादमीत घालायला निघालेल्या पालकांनी चार प्रश्न विचारून घ्यावेत. एका प्रशिक्षकामागे मुलं किती? वर्षाअखेर मुलाचं मूल्यमापन लेखी मिळतं का, आणि त्यात उंची-वजनापलीकडे काही असतं का? संघातून वगळल्यावर मुलाशी कोण बोलतं? आणि इथून बाहेर पडलेली मुलं आज कुठे आहेत? या चारांची सरळ उत्तरं न देणाऱ्या संस्थेला, तुमच्या मुलाची वृत्ती कशी आहे, हे सांगण्याचा अधिकार नाही.